काठावरचं नाव

पदक हातात आलं की आधी राजाचं तोंड बघू नये, काठ बघावा. हे मला ज्या माणसानं शिकवलं त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला. वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवाचं रूप ठोकलेले चांदीचे पत्रे, एका फडक्यात बांधले आणि जालन्याच्या कुंडलिका नदीत सोडून ये म्हणून माझ्या हातात दिले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. हातातली चांदी नदीत टाकणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी तसाच सराफ्यात गेलो. त्या टाकांत एक गोल, जाड बिल्ला होता. त्याच्यावर राजाचं डोकं होतं आणि राजाच्या नाकावर कित्येक वर्षांच्या कुंकवाचा थर. आजोबा पलटणीत होते एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बिल्ला एकदा देवांत जाऊन बसल्यावर त्यालाही देवच समजत. देव गेले तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गेला.

सराफाच्या गादीवर मुंबईचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी बिल्ला उचलला, कडेनं फिरवला आणि सराफानं वजनावर सांगितलेल्या भावापेक्षा आठ आणे जास्त दिले. मुंबईकर फसला म्हणून मी खूश होऊन घरी आलो.

बारा-तेरा वर्षांनी मी त्याच गृहस्थांच्या मुंबईच्या घरी गेलो. तोवर मोडीची, म्हणजे जुन्या तुटक्या दागिन्यांची चांदी घेत, बाजारोबाजार फिरत मी स्वतःचं दुकान उभं केलं होतं. इंग्रजी अक्षरं डब्या-खोक्यांवरून शिकलो होतो. गृहस्थांना जुनी पदकं लागतात असं कळलं होतं आणि माझ्याकडे चार होती. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांनी कपाटाचे कप्पे ओढून दाखवले. निळ्या मखमलीवर ओळीनं पदकं, प्रत्येकाखाली कागदाची पट्टी. एका पट्टीवर माझ्या आजोबांचं नाव होतं. नंबर, हुद्दा, पलटण, गाव, सगळं.

"हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"काठावर कोरलेलं असतं," ते म्हणाले. "त्यावरून पलटणीच्या दप्तराला पत्र लिहायचं. खेड्यातल्या लोकांना काठ वाचता येत नाही, म्हणून तर मिळतात ही."

मी ते पदक मागितलं. वाटेल तो भाव देतो म्हणालो. ते हसले, कप्पा आत ढकलला आणि म्हणाले, "हे विकायला ठेवलेलं नाही." मी आवाज चढवला. त्यांच्या नोकरानं मला जिन्यापर्यंत सोडलं.

त्या दिवसापासून मी पदकं गोळा करायला लागलो. विकायला नाही, त्या माणसापेक्षा जास्त जमवायला. आमच्याकडचे सराफ चांदी तपासायला काठावरच कानस मारतात, म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की राजाछाप बिल्ला आला तर कानस लावायची नाही, आधी मला बोलवायचं.

बहात्तरच्या दुष्काळात चांदी आपल्या पायानं चालत येत होती. खोटं कशाला लिहू, मी तेव्हा भरपूर घेतली. पिंपळगाव रेणुकाईच्या एका शेतकऱ्याचा निरोप आला तेव्हा मी स्वतः गेलो. माणूस चाळिशीतला, अंगानं धडधाकट, पण बोलताना सारखा मागं वळून बघायचा. त्यानं देव्हाऱ्यातून एक पदक काढलं. शेंदरानं ते लाल गोळा झालं होतं.

"आमच्या चुलत्याचा बिल्ला हाय. बसऱ्याच्या लढाईत गेला," तो म्हणाला. "वीर म्हणून देवात बसवलाय."

ही पहिल्या महायुद्धातली, इराकमधल्या बसऱ्याची लढाई. अवेळी मेलेल्या माणसाला आमच्या भागात वीर म्हणतात. त्याच्या नावाचा टाक देवात ठेवतात, म्हणजे तो घरच्यांना त्रास देत नाही.

"मंग इकून कसे राह्यले?"

"पोरं उपाशी हायेत, शेट. जिवंत माणसाकडं आधी बघावं लागतं." मग हळू आवाजात म्हणाला, "घेऊन जा. पण जालन्यातच वितळवा. परत गावात आणू नका."

भाव करताना तो फार अडला नाही. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. मी आणखी आहेत का विचारलं. हा धरून तीन आहेत म्हणाला. चुलत्यामागं वाटणी झाली तेव्हा त्याची जमीन दोघा भावांनी घेतली, चांदीचे दोन बिल्लेही, एक त्याच्या बापाकडे, एक हसनाबादला गेलेल्या थोरल्या चुलत्याकडे. तिसरा पितळी निघाला, तो मेलेल्याच्या बायकोच्या पदरात टाकला. ती तिच्या मुलीला घेऊन माहेरी धावड्याला गेली. मुलगी अजून तिथंच आहे.

एका शिपायाची तिन्ही पदकं एकत्र सापडणं किती अवघड असतं ते मला ठाऊक होतं. मुंबईच्या त्या कपाटात असा एकही संच पूर्ण नव्हता. माझे कान गरम झाले.

परत येताना त्याच्या शेताच्या कडेनं आलो. शेताच्या मधोमध दगड-मातीचा उंचवटा होता, त्यावर बाभळी माजल्या होत्या. गावातल्या बायका कोसभरावरून घागरी आणत होत्या, जो तो विहीर खोल करत होता. मी विचारलं, "हे काय हाय?"

"जुनी इहीर. बुजवलेली."

"उपसत का न्हाई मंग? सगळं गाव खोदून राह्यलंय."

"खारं पाणी हाय."

घागर घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. "खारं कधी झालं रं? माझी सासू सांगायची, गुळावानी पाणी व्हतं म्हणून."

तो तिच्यावर असा ओरडला की तिच्या घागरीतलं पाणी सांडलं. त्या दिवसांत सांडलेलं पाणी बघवत नव्हतं. म्हातारी घागर सावरत निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मी धावड्याला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी एका खोलीत ती राहत होती. साठीची, विधवा, एकटी. पाठ ताठ, जीभ तिखट. पितळी बिल्ला तिनं डाळीच्या डब्यात ठेवला होता.

"शेट, पितळाचं काय करता?" ती म्हणाली. "घंटी करून गळ्यात बांधता का?"

"बांधतो. आक्का, भाव सांग."

"इकायचा न्हाई." मग थोडा वेळ माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही कागद लिहून इचारता म्हणे, कोण कुठं मेला ते?"

"इचारतो."

तेव्हा तिनं मला ते सांगितलं. ती सहा-सात वर्षांची असेल. आई भावजयीच्या बाळंतपणाला धावड्याला आलेली, ही पिंपळगावला चुलत्यांकडं. एक दिवस दिवेलागणीला ओट्यावर खिळ्यांचे बूट वाजले. उंच माणूस आत आला, त्यानं हिला उचलून घेतलं. त्याच्या छातीवरचं काहीतरी थंड हिच्या गालाला लागलं. त्यानं पत्र्याच्या डब्यातून हिला बिस्किट दिलं आणि विचारलं, तुझी आई कुठं हाय? सकाळी घरात कोणी नव्हतं. चुलते म्हणाले, तुला ताप चढला होता, सपान पडलं. महिनाभरानं बिल्ले निघाले. टपालानं आले, बाप बसऱ्यात मेला, असं सांगितलं.

"आईला सांगितलं तर तिनं तोंड दाबलं माझं. सगळे हसायचे. लग्नातसुद्धा नणंदा चिडवायच्या, सपनातल्या बापाची पोर म्हणून." तिनं डबा बंद केला. "पन्नास वर्षं झाली. मला एवढंच पाहिजे, आल्ता का न्हाई आल्ता. कागद आणा अन् बिल्ला घेऊन जा. पैसा नको."

मला तो सौदा फार सोपा वाटला. टपालाच्या तिकिटांत पदक!

जालन्याला कोर्टासमोर टाइप करणारा एक जण माझी इंग्रजी पत्रं लिहून द्यायचा. त्याच्याकडून पत्र लिहवलं, काठावरचा नंबर घातला. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. वर्ष उलटून गेलं तेव्हा एक जाड पाकीट आलं. टाइपवाल्यानं वाचून दाखवलं आणि मी त्याला पुन्हा वाचायला लावलं.

सदर शिपाई बसऱ्याहून जिवंत परत आला होता. लढाई संपल्यावरही दोन-तीन वर्षं त्याला तिकडंच ठेवलं होतं. नंतर नोकरीतून मोकळं केलं. तिन्ही पदकं त्याच्या हातात दिली, पोच म्हणून अंगठा घेतला. जालना स्टेशनपर्यंतचा रेल्वेचा पास दिला. पुढची नोंद नाही.

टाइपवाला म्हणाला, "म्हणजे बिल्ले टपालानं आलेच नाहीत."

मी पाकीट घडी करून खिशात घातलं. दुकानात आलो, पिंपळगावचं पदक काढलं आणि कितीतरी वेळ त्याच्यावरचा शेंदूर बघत बसलो. बाभळी माजलेला तो उंचवटा डोळ्यांसमोरून हलेना.

शहाणा माणूस इथं थांबला असता. पण दोन पदकं अजून बाहेर होती.

हसनाबादच्या घरचा कर्ता म्हणजे थोरल्या चुलत्याचा मुलगा. पन्नाशीचा, गावात वजन असलेला, हळू बोलणारा. त्यानं मला ओट्यावरच बसवलं. पाणी वरून ओंजळीत घातलं. का, ते मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं की मला माहीत आहे. मी पदकाचा भाव सांगितला. तो नाही म्हणाला. मी वाढवला. तो पुन्हा नाही म्हणाला.

"देवातली वस्तू हाय," तो म्हणाला. "तुम्ही लोकांनी तुमचे देव इकले म्हणून आम्ही आमचे इकावे का?"

माझं डोकं फिरलं. खिशातला कागद काढून मी त्याच्यासमोर आपटला. "देव? कोणता देव? तुमचा चुलता बसऱ्यात मेलाच न्हाई. जालना स्टेशनवर उतरलाय तो. तिन्ही बिल्ले छातीवर घालून. सरकारच्या दप्तरात त्याचा अंगठा हाय. मंग हा बिल्ला तुमच्या देव्हाऱ्यात आला कसा, ते सांगा मला!"

मला वाटलं तो ओरडेल, मारायला उठेल. भाव करताना समोरचा चिडला की मला बरं वाटतं, चिडलेला माणूस चुकतो. पण हा चिडला नाही. त्यानं कागदाकडं पाहिलं, त्याला इंग्रजी येत नव्हतं, तरी पाहिलं. मग आत गेला आणि पदक आणून माझ्या पुढ्यात ठेवलं.

"किती?" मी विचारलं.

"काही नको."

इतक्या वर्षांच्या धंद्यात मला कोणी चांदी फुकट दिली नव्हती.

"नाव घासून टाका," तो म्हणाला. "पाहिजे तर मी घासून देतो, घरात कानस हाय. अन् धावड्याला जाऊ नका. आक्काचं वय झालंय."

मी पदक उचललं आणि निघालो. फाट्यापर्यंत मागं पाहिलं नाही.

पुढच्या बुधवारी जालन्याहून धावड्याची एस.टी. धरली. दोन्ही पदकं आणि कागद आतल्या खिशात. हसनाबादच्या थांब्यावर गाडी थांबली आणि तो चढला. गाडीत जागा पुष्कळ होती. तो माझ्या मागच्या बाकावर येऊन बसला.

"चार दिवस झाले," मागून आवाज आला. "रोज या गाडीला येऊन बघून राह्यलो, तुम्ही हायेत का."

भोकरदन गेलं. पिंपळगाव आलं. रस्त्यावरून तो उंचवटा दिसतो, बाभळी आता आणखी उंच झाल्या होत्या. गाडी पुढं गेल्यावर तो माझ्या कानाशी वाकला. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता.

"बसऱ्यातच गेला म्हणून सांगा. बिल्ला तसाबी तुम्हाला मिळंल. तुमचं नुकसान काय?"

खरंच काही नव्हतं. तिचा सौदा कागदाचा होता. कागदात काय लिहिलंय ते तिला वाचता येणार नव्हतं, त्याला येणार नव्हतं. त्या गाडीत इंग्रजी अक्षरं कळणारा मी एकटा. माझ्या आजोबांच्या पदकाच्या वेळी ती अक्षरं कळणारा दुसरा कोणी होता, आणि गप्प राहून त्यानं आठ आण्यांत काम भागवलं होतं.

पण मी मोठेपणा सांगत नाही. मला कोणी मागून भाव सांगितला की मी त्याच्या उलटच करतो, तो माझा जुना रोग आहे. धावडा येईपर्यंत मला स्वतःलाही माहीत नव्हतं मी काय बोलणार ते.

आम्ही दोघं बरोबर तिच्या दारात उभे राहिलो. तिनं चुलतभावाला पाहिलं, मग मला.

"भाऊ, तू कसा काय आला?"

"सहज आलो, आक्का. हे शेट बिल्ला न्यायला आलेत. देऊन टाक, पितळी तर हाय."

"कागद आला का?" तिनं मला विचारलं.

तो भिंतीला टेकून बसला. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, स्थिर. मी कागद उघडला. वाचताना माझा आवाज मलाच परका वाटला. जिवंत परत आला. बिल्ले हातात दिले. अंगठा घेतला. जालना स्टेशनपर्यंत पास दिला. मी एकेका ओळीवर बोट ठेवून टाइपवाल्यानं सांगितलेला अर्थ मराठीत सांगत होतो.

मी कागद घडी करून तिच्यासमोर ठेवला.

"मंग बूट खरे व्हते," ती म्हणाली.

रडली नाही. उठली, डाळीच्या डब्यात हात घालून बिल्ला काढला, पदराला पुसला आणि माझ्यासमोर धरला. "घ्या. बोलले म्हंजी बोलले."

तीन पदकं. मुंबईच्या कप्प्यात नसलेला संच. मी हात पुढं केला आणि तो तिथंच राहिला. मग आतल्या खिशातून दोन्ही चांदीची काढून तिच्या पितळीशेजारी जमिनीवर ठेवली.

"हे काय?" ती म्हणाली.

"तुझ्या बापाचे हायेत. ठेव."

"फुकटचं मला नको."

"मला पण नको."

"सौदा झालाय, शेट. माघार घेता का?"

"घेतो. काय करायचं ते कर." मी तिच्यावर अक्षरशः ओरडलो. पिंपळगावच्या पदकाला मी रोख पैसे मोजले होते, ते कुठूनही परत यायचे नव्हते, याचा राग त्या क्षणीही माझ्या मनात होता. तो अजून आहे.

तिनं हसनाबादचं पदक उचललं. अंगठ्याच्या नखानं काठावरचा शेंदूर खरवडायला लागली. लाल भुगा तिच्या मांडीवर पडत होता. अक्षरं मोकळी झाली तशी तिनं ते माझ्याकडं केलं. "वाचा." मी तिच्या बापाचं नाव वाचलं. दुसरं दिलं, "वाचा." तेच नाव वाचलं. तिसरं दिलं. तिसऱ्यांदाही तेच.

मग ती भावाकडं वळली. "भाऊ, कोणच्या इहिरीत?"

तो जमिनीकडं बघत होता.

"बुजवलेल्या?"

त्यानं मान हलवली नाही, नाहीही म्हणाला नाही. ती चुलीकडं गेली आणि परातीत पीठ काढायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "भाकर खाऊन जा दोघं." आम्ही खाल्ली. मी माझी संपवली, त्याच्या ताटात निम्मी तशीच राहिली. तिनं त्याच्यापुढं तांब्या ठेवला. त्यानं तो उचलला, आत पाहिलं आणि खाली ठेवला.

परतीची गाडी एकच होती, संध्याकाळची. फाट्यावर आम्ही दोघंच उभे होतो. मला वाटलं आता तो काहीतरी करेल. आजूबाजूला एक दगडसुद्धा मी नजरेनं हेरून ठेवला होता.

"माझा बाप दोन म्हैने अंथरुणात व्हता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पाणी पाजायला गेलं की इचारायचा, कोणच्या इहिरीचं हाय? नदीचं हाय म्हणलं, पावसाचं हाय म्हणलं, तरी तोंड मिटून घ्यायचा. आम्ही चमच्यानं दात उघडायचो. तसाच गेला, कोरडा. आम्हाला कळत नव्हतं का? कळत व्हतं. कोणी इचारलं न्हाई, म्हणून आम्ही बी बोललो न्हाई."

"आता इचारलंय," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. गाडी आली. या वेळी तो माझ्या पुढच्या बाकावर बसला. पिंपळगाव जवळ आलं तसा त्यानं हात वर करून उंचवट्याच्या बाजूच्या खिडकीची झडप ओढून घेतली. बाहेर वारा नव्हता, धूळही नव्हती.